गडी घरी परत येतो तेव्हा: शेवटच्या आजारात मित्रांनी काय करावं

हे मित्रांसाठी लिहितोय. बायको, आई, भाऊ यांना कुणी काही सांगावं लागत नाही, ती माणसं आपसूक कामाला लागतात. अडतं ते मित्रांचं. मुंबईच्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हटलं की संघातली, वाडीतली, शाळेतली पोरं एकदा येऊन जातात. खळ्यात उभी राहतात, आत जाऊन दोन शब्द बोलतात, बाहेर येऊन डोळे पुसतात. पुढे काय करायचं ते कळत नाही, म्हणून मग येईनाशी होतात. आजारी माणसाला वाटतं, आपण नकोसे झालो.

माझा मित्र व्यावसायिक कबड्डीपटू होता. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळात आम्ही एकत्र खेळलो, मी डाव्या कोपऱ्यात, तो चढाईला. पुढे मुंबईत कंपनीच्या संघात त्याला नोकरी लागली. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर मॅटवरचे काही हंगामही त्याच्या वाट्याला आले. मी इथेच शाळेत क्रीडाशिक्षक झालो. त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. सापडला तेव्हा तो यकृतापर्यंत गेला होता. शेवटचे महिने त्याने गावी काढले. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी, वहिनीने आणि सगळ्यात जास्त त्याने स्वतः जे शिकवलं ते इथे मांडतोय.

खेळणाऱ्यांनी आधी एवढं वाचा. त्याची सुरुवात पाठदुखीने झाली. चढाईपटूची पाठ दुखणारच, म्हणून सगळ्यांनी ती जुन्या दुखापतीच्या खात्यात टाकली. पण जी पाठ रात्री झोपेतून उठवते, पुढे वाकून बसल्यावर थोडी बरी वाटते, आणि जिच्या सोबत वजन उतरतं, भूक मरते किंवा अचानक साखर वाढलेली निघते, ती पाठ फिजिओकडे न्यायची नाही. पोटाची तपासणी करून घ्यायची.

आधी त्याला विचारा

आपल्याकडे घरची पहिली सूचना असते, 'तेका काय सांगू नको हां.' मग सगळी वाडी एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला. त्याला बहुतेक सगळं कळलेलं असतं, फक्त बोलायला कुणी उरलेलं नसतं. तुम्ही जाऊन रिपोर्ट वाचून दाखवायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही. साधं विचारा, 'डॉक्टर काय म्हणाले, तुला काय समजलं?' आणि गप्प बसा. तो बोलेल तेवढंच पुढे न्या. विषय बदलला तर तुम्हीही बदला.

माझ्या मित्राने डॉक्टरांना सगळ्यांसमोर विचारलं, 'माका सगळा खरा काय ता सांगा.' वहिनी रडली, काकी उठून बाहेर गेली. पण त्या दिवसापासून घरात कुजबुज थांबली. तुमचा मित्र असं विचारणारा असेल तर डॉक्टरांकडे जाताना सोबत जा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. पुढच्या केमोने आजार बरा होणार आहे की काही दिवस वाढणार आहेत? त्या दिवसांत तो चालता-बोलता असेल का? आणि रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे नाव आणि नंबर, हातात पडल्याशिवाय उठू नका.

केमो थांबवायचा निर्णय त्याने स्वतः घेतला आणि संघातल्या पोरांना स्वतः फोन करून सांगितला. मी त्याचं धैर्य मानतो ते इथे.

म्हणून सांगतो, 'तू फायटर आहेस, लढ' हे बोलू नका. खेळाडूला तर सगळेच हे ऐकवतात. त्याने एकदा मला विचारलं, 'म्हणजे मी मेलंय तर हरलंय, असा?' माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याला ते नकोही होतं. युवराजसिंगची गोष्टही सांगू नका. युवराज 2012 मध्ये उपचार घेऊन त्याच वर्षी मैदानात परतला, त्याचा आनंद आहेच. पण त्याचा आजार सेमिनोमा जातीचा होता आणि तो केमोला चांगली दाद देतो. यकृतात पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं तसं नसतं. दोन वेगळे आजार एका मापाने मोजले की अंथरुणातल्या माणसाला वाटतं, आपलीच हिंमत कमी पडली.

दुखणं: इथे ढिलाई नको

ह्या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. माणूस दुखण्यात असेल तर त्याला ना देव सुचतो, ना लेक, ना मित्र.

दुखणं आणि इतर त्रास कमी करणारा, पॅलिएटिव्ह केअर नावाचा स्वतंत्र विभाग असतो. परळच्या टाटा रुग्णालयात तो आहे. सिंधुदुर्गातले आपण बरेचजण गोव्याला बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातो, तिथेही विचारा, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही विचारा. उपचार संपल्यावर जायचा हा विभाग आहे असं समजू नका, निदान झालं त्याच आठवड्यात तिथे नाव घाला. कुणाला रुग्णालयाऐवजी अशी जागा हवी असेल जिथे फक्त सेवा होते, तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून हे काम करतंय, त्यांचं एक केंद्र गोव्यातही आहे.

मॉर्फिन हे जबर दुखण्यावरचं औषध, त्याला घाबरू नका. 'सवय लागेल', 'मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलं' ही वाक्यं मी वाडीत रोज ऐकली. कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही आणि लवकर मरतही नाही. साध्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो, म्हणून ती घड्याळाने द्यायची, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. मधेच कळ आली तर जादा डोस किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, मग कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ करणारं औषध सोबत हवंच. हे राहून गेलं तर पोटाचा त्रास मूळ दुखण्याइतका होतो. बारा तासांची गोळी असेल तर ती कुटून, पाण्यात विरघळवून द्यायची नाही. माणूस हाका मारून उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर लगेच फोन करा.

काही जणांना दुखण्यावरच्या फेंटॅनिल औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी देतात. आपल्याकडे मे महिन्यात घामाने ती सुटते. जागा कोरडी करून लावा, रोज हात लावून बघा, आणि तिच्यावर गरम पाण्याची पिशवी कधीच ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं.

एक वही घाला. वेळ, कुठे दुखतं, शून्य ते दहात किती, काय दिलं. आमची वही शाळेची दोनशे पानी होती आणि दर फोनला डॉक्टर आधी तीच विचारायचे. दुखणं गोळ्यांनी आवरत नसेल तर पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना कमी करता येतात. स्वादुपिंडाच्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो, म्हणून ते आपणहून विचारा.

कावीळ उतरवायला पित्तनळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घातला असेल, तर हुडहुडी भरून ताप आल्यावर सकाळची वाट बघू नका. नळी तुंबलेली असू शकते. त्याच रात्री गाडी काढा.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये झालेल्या बदलानंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, पण गावात तरी ते नसतं. पुढच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी कुणी, कुठून आणायच्या, हे मित्रांपैकी एकाचं काम. दुसऱ्या कुणाचंही नाही, त्या एकाचंच.

जागा वाटून घ्या

कबड्डीत साखळी तुटते ती दोघे एकाच वेळी झेपावले की किंवा दोघेही थांबले की. इथेही तसंच होतं. शनिवारी वीस माणसं येतात आणि बुधवारी रात्री दोन वाजता कुणी नसतं. म्हणून बसून ठरवा. आमच्यात एकाकडे औषधं, एकाकडे गाडी, एकाकडे पैशांचा हिशेब, मी रात्रीला. रात्रीची पाळी मिळाली तर वहिनीला खरोखर झोपायला पाठवा. ती शेजारच्या खोलीत जागीच राहिली तर तुमच्या पाळीचा उपयोग काय?

बघायला येणाऱ्यांना पडवीत थांबवणारा एक माणूस हवा. हे काम कठीण आहे, कारण लांबून चाकरमानी आलेले असतात, मामा-मावश्या असतात. तरी नम्रपणे सांगायचं, 'आता झोपलाय, चहा घ्या, मी निरोप देतो.' आत गेलेल्याने झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता सांगू नये. घरच्यांना ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालायचंय, कौल घ्यायचाय, तर तुम्हीही जा. त्याने काकीच्या जिवाला आधार मिळतो. पण काढा, भस्म, पुड्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका, आणि त्यासाठी मॉर्फिन बंद होऊ देऊ नका.

अफवा हीही मित्रांनीच थोपवायची गोष्ट. ऑगस्ट 2023 मध्ये झिम्बाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक गेल्याची बातमी जगभर पसरली, श्रद्धांजल्या सुरू झाल्या, आणि तो जिवंत होता. स्वतःच्या मृत्यूची बातमी त्याला वाचावी लागली. तो खरंच गेला 3 सप्टेंबरला. तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे एका मिनिटात होतं. म्हणून तब्येतीचा निरोप एकाच माणसाने द्यायचा आणि तो त्याला विचारून द्यायचा. अंथरुणातला फोटो कुणालाही काढू देऊ नका.

अंग

खेळाडूचं अंग हीच त्याची कमाई. ते डोळ्यांदेखत वितळतं तेव्हा लाज त्याला सगळ्यात जास्त वाटते. माझ्या मित्राच्या मांड्या आमच्या मंडळात नावाजलेल्या, शेवटी माझा पंजा त्यांच्याभोवती पुरायचा. 'किती बारीक झालास' हे दारातून म्हणू नका. जुने सामने लावून बसू नका, तो मागेल तेव्हा लावा.

आंघोळ मात्र शिकून घ्या. न्हाणीत आधी स्टूल ठेवा, खाली ओली गोणपाटं नकोत, पाय सरकतो. पाणी कोमट, हंड्यातलं वाफाळतं नको, कातडी पातळ झालेली असते. उचलताना मी पहिल्यांदा काखेत हात घातले तेव्हा तोच म्हणाला, 'कमरेक धर, खांद्याक नको.' आयुष्यभर लोकांना तोल चुकवून निसटलेला माणूस, तोल कुठे असतो ते त्याला माहीत. त्याच्या कमरेला पंचा घट्ट बांधायचा, समोर उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, त्याचे हात आपल्या खांद्यांवर, आपले हात पाठीमागून पंच्यात, आणि त्याच्या 'चल' वर उठायचं. आपल्या मोजणीवर नाही. पाठ चोळताना उजव्या खांद्यावरची जुनी खूण लागायची, मातीच्या मैदानात खरडलेली. तो डोळे मिटून बसायचा आणि त्या वेळी आम्ही बोलत नव्हतो.

झोपून राहायला लागला की दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी चांगली, पण वीज गेली की ती बसते, म्हणून जुन्या मऊ धोतराच्या घड्या तयार ठेवा. माकडहाड, टाचा, खवाटे रोज बघा. लाल झालेली जागा चोळायची नाही, तिच्यावरचा भार काढायचा.

खाण्यासाठी मागे लागू नका. हे आयांना पटवणं फार अवघड जातं. ह्या अवस्थेत अन्न अंगी लागत नाही, जबरदस्तीने उलटी होते एवढंच. दोन चमचे पेज, थोडी कुळथाची पिठी, जमेल तेव्हा. स्वादुपिंडाच्या रुग्णाला अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या जेवणासोबत, पहिल्या घासाला, नंतर नाहीत. मासे तळायचे असतील तर त्याच्या खोलीपासून दूर, वाऱ्याच्या पलीकडे. त्याला एके दिवशी बांगडा खावासा वाटला. काकीने तिखलं केलं, त्याने बोट बुडवून चाखलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मी जेवलो. काकीला तेवढंही पुरलं.

दम लागतो तेव्हा खिडकी उघडा, टेबलावर उशी ठेवून त्याला पुढे झुकून बसवा आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा घ्या. गालांवर, नाकावर वारा लागला की दम लागल्याची भावना खरंच कमी होते. वीज नसेल तर हातपंखा. माझा मित्र 30 सेकंदांची चढाई एका दमात करणारा. तो श्वास लांब सोडायचा, मी त्याच्यासोबत सोडायचो.

त्याला काय करायचंय

हे विचारा आणि ते घडवा. त्याला पोरांचा सराव बघायचा होता. संध्याकाळी मॉर्फिनचा डोस देऊन अर्ध्या तासाने आम्ही त्याला खुर्चीसकट मैदानाच्या कडेला नेऊन ठेवायचो. डोक्याला टॉवेल, पायावर चादर. पहिल्या दिवशी पोरं त्याच्याकडे बघून खेळणंच विसरली. त्याने एका चढाईपटूला जवळ बोलावलं, 'डावो पाय लांब टाकतंस, म्हणान गावतंस.' पोराला पाय कसा टाकायचा ते हाताच्या पंज्याने मांडीवर दाखवलं, परत परत, पोराला जमेपर्यंत. मग सगळे खेळले. थकला की हात वर करायचा, तेवढ्यात उचलायचं, 'आणखी पाच मिनिटं' म्हणायचं नाही.

लेकीला काय सांगायचं हेही त्याने ठरवलं. लहान मुलांना 'बाबा झोपला', 'गावाला गेला' सांगू नये, मग ती झोपेला घाबरतात. बाबाच्या पोटात आजार आहे, औषधांनी तो बरा होणार नाही, आणि तुझ्यामुळे झालेला नाही. त्याने एवढंच सांगितलं, वहिनीचा हात धरून.

कागद त्याला लिहिता येतंय तोवर करा: प्रॉव्हिडंट फंडाचं नामांकन, बँकेत वहिनीचं नाव, विमा, फोनचे पासवर्ड. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो.

पैसा, प्रवास, पाऊस

अंशुमन गायकवाड रक्ताच्या कर्करोगाने आजारी असताना कपिलदेव, संदीप पाटील, दिलीप वेंगसरकर ही जुनी मंडळी त्यांच्यासाठी उघडपणे बोलली, आणि जुलै 2024 मध्ये क्रिकेट मंडळाने 1 कोटी रुपये दिले. महिनाअखेर गायकवाड गेले. कबड्डीवाल्यामागे एवढं मोठं मंडळ नसतं, पण बोलायचं काम मित्रांचं हे तिथेही तेच. त्याला स्वतःला मागायला लावू नका, आभाराचा व्हिडिओ तर मुळीच नको. पैसे वहिनीच्या खात्यात, हिशेब एका वहीत, देणाऱ्यांना खुला. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे कागद रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून करून घ्या.

उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. कुडाळ किंवा कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेस दादरला सोडते, परळ तिथून जवळ. राहायला परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, दोन्हीकडे आधी चौकशी करून निघा.

जूनच्या आधी साठा करा. मिरग लागला की वीज जाते, रेंज जाते, घाटात दरड येते. औषधं, डायपर, बॅटरी, ऑक्सिजनचं यंत्र असेल तर इन्व्हर्टर आणि भरलेला सिलिंडर. गाडीवाल्याला पाणी भरणाऱ्या साकवाला पर्यायी रस्ता माहीत हवा.

शेवटचे दिवस

झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून परत सुरू होतो, घशात घरघर होते. घरघर ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, त्याला बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवा. आपल्याकडे तोंडात गंगेचं पाणी घालतात. जो गिळत नाही त्याच्या तोंडात पळी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. बोट ओलं करून ओठांना लावा, तुळशीचं पानही तसंच टेकवा. बोलत राहा, ऐकू येत असण्याची शक्यता असते. पोरांची नावं सांगा, कोण जिंकलं ते सांगा. रडणाऱ्याला बाहेर काढू नका.

गावच्या डॉक्टरांना आधीच कल्पना देऊन ठेवा, म्हणजे घरी मृत्यू झाल्यावर दाखल्यासाठी धावपळ होत नाही. ग्रामपंचायतीत 21 दिवसांत नोंद करायची, तिच्या जादा प्रती घ्या, बँकेला आणि कंपनीला लागतात. उरलेलं मॉर्फिन आणि पट्ट्या मोजून रुग्णालयाला परत द्या, दुसऱ्या कुणा आजाऱ्याला देऊ नका.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं. तुमच्या पाळ्या तेव्हा बंद करू नका, फक्त वेळ बदला. दुपारी जा, कारण दुपार वहिनीला सगळ्यात लांब जाते. लेकीची फी, आंब्याची फवारणी, कंपनीतली चिठ्ठी, असं एखादं ठरलेलं काम घेऊन जा, आणि जेवायला थांबवलं तर थांबा.